पावसाआधीचे ठराव, पुरानंतरचा खर्च : डिचोली आणि पेडण्याचा स्थानिक कारभार

गोव्याच्या उत्तर टोकाचा पेडणे तालुका आणि त्याला लागून असलेला खाणपट्ट्यातील डिचोली तालुका हे दोन्ही दर पावसाळ्यात पुराच्या छायेत असतात. मात्र पुराआधी काय करायचे, पुरानंतर काय करायचे आणि त्यासाठी पैसा कुठून आणायचा हे ठरवण्याचा अधिकार इतक्या कार्यालयांत विभागला गेला आहे, की आपले गाऱ्हाणे नेमके कोणाच्या दारात न्यावे हे सामान्य माणसाला उमगत नाही. पाणी ओसरल्यावर जाहीर होणारी मदत सर्वांच्या नजरेत भरते. नुकसानाचा आकडा किती मोठा होणार हे मात्र बऱ्याच अंशी त्याआधीच्या कोरड्या महिन्यांत, पालिकेच्या मासिक आणि पंचायतीच्या पाक्षिक बैठकीत संमत झालेल्या, अथवा पुढे ढकललेल्या, साध्या साध्या ठरावांनी निश्चित झालेले असते.

गोव्यात पणजीची एक महानगरपालिका, १३ नगरपालिका आणि १९१ ग्रामपंचायती आहेत. नगरपालिकांचा कारभार १९६८ च्या गोवा नगरपालिका कायद्यानुसार चालतो आणि पंचायतींचा १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्यानुसार. डिचोली तालुक्यात डिचोली आणि साखळी अशा दोन नगरपालिका असून पेडण्यात एकच, पेडणे शहराची, आहे. बाकी सारा भाग पंचायतींच्या हद्दीत येतो. २०११ च्या जनगणनेनुसार डिचोली शहराची लोकसंख्या सुमारे १७ हजार आणि पेडण्याची सुमारे ५ हजार होती. डिचोली पालिकेत १४ नगरसेवक आणि पेडणे पालिकेत १० नगरसेवक निवडले जातात, म्हणजे डिचोलीत सरासरी बाराशे माणसांमागे आणि पेडण्यात तर जेमतेम पाचशे माणसांमागे एक लोकप्रतिनिधी आहे. महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या शहराच्या प्रभागाशी तुलना केली तर हे प्रमाण थक्क करणारे आहे. त्याचा मोठा लाभ असा, की प्रभागातील कोणते गटार तुंबते आणि कोणाच्या घरात पहिल्यांदा पाणी शिरते हे नगरसेवकाला तोंडपाठ असते. अडचण अशी, की व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर भराव घालणारा माणूसही त्याच्या ओळखीचाच असतो आणि पन्नास मतांनी निवडणूक फिरू शकते अशा प्रभागात त्याला नकार देणे फार जड जाते.

नगराध्यक्ष आणि सरपंच हे दोघेही गोव्यात थेट लोकांमधून निवडले जात नाहीत, तर नगरसेवक आणि पंचायतीचे पंच आपल्यातूनच त्यांची निवड करतात. त्यामुळे बहुमताचे गणित बदलले की अविश्वास ठराव येतो. पाच वर्षांच्या मुदतीत पद वाटून घेण्याच्या समझोत्याने दोन-तीन नगराध्यक्ष बदलले तरी कोणाला नवल वाटत नाही. प्रशासनाची सूत्रे मुख्याधिकाऱ्याकडे, म्हणजे राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, असतात आणि त्याची बदलीही सरकारच करते. पूरप्रतिबंधासारखे काम सलग चार-पाच वर्षे चिकाटीने करावे लागते. ते रेटून नेणारी एकच व्यक्ती त्या जागी तेवढा काळ टिकत नाही, हा या व्यवस्थेतील पहिला कच्चा दुवा होय.

दुसरा दुवा पैशाचा आहे. पालिकेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, व्यापार परवान्यांचे शुल्क, बांधकाम परवान्यांचे शुल्क, पालिकेच्या मालकीच्या दुकानांचे भाडे, जाहिरात फलकांचे शुल्क आणि सोपो. सोपो म्हणजे बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून जागेपोटी घेतली जाणारी रोजची रक्कम. ती वसूल करण्याचा ठेका बहुधा वर्षभरासाठी लिलावाने दिला जातो आणि लहान पालिकांच्या सभेत त्या एका विषयावर जितका वेळ जातो तितका क्वचितच दुसऱ्या कशावर जात असेल. हे उत्पन्न कर्मचाऱ्यांचे पगार, कचरा उचलणे आणि किरकोळ दुरुस्त्या यांतच बहुतांशी संपते. नवी कामे राज्य सरकारच्या अनुदानावर आणि केंद्रीय वित्त आयोगाच्या निधीवर अवलंबून असतात. वित्त आयोग म्हणजे केंद्राच्या करांतील वाटा राज्यांना आणि स्थानिक संस्थांना कसा द्यावा याची शिफारस करणारी घटनात्मक संस्था. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायती आणि लहान शहरांच्या अनुदानाचे दोन भाग केले : ६० टक्के रक्कम स्वच्छता, कचरा व्यवस्थापन, पिण्याचे पाणी आणि पर्जन्यजल साठवण यांच्याशी बांधलेली आणि उरलेली ४० टक्के स्थानिक गरजेनुसार खर्च करण्यास मोकळी, मात्र त्यातून पगार देता येत नाहीत. व्हाळाच्या काठाची भिंत, साकवाची (लहान पुलाची) दुरुस्ती किंवा बाजारातील पावसाच्या पाण्याचा निचरा अशी कामे या मोकळ्या चाळीस टक्क्यांतून करता येतात. पण तिथेच पेव्हर, सुशोभीकरण, स्वागतकमानी आणि सभागृहे यांचीही मागणी उभी असते. बांधलेली कमान मतदाराला रोज दिसते, साफ केलेल्या गटारातील गाळ दिसत नाही, आणि खर्चाचे प्राधान्य ठरताना हा फरक नको इतका प्रभावी ठरतो.

ठरावापासून कामापर्यंतचा प्रवास समजून घेतल्याखेरीज पावसाळापूर्व कामांचा दरवर्षीचा घोळ ध्यानात येत नाही. सभेत ठराव झाला की पालिकेचा अभियंता खर्चाचे अंदाजपत्रक तयार करतो. त्याला तांत्रिक मंजुरी, म्हणजे मोजमापे आणि दर योग्य असल्याची सक्षम अभियंत्याची संमती, लागते. मग प्रशासकीय मंजुरी, निधीची तरतूद, निविदा, निविदा उघडून सर्वांत कमी दराची स्वीकृती आणि शेवटी कार्यादेश. या सर्व पायऱ्या सुरळीत पार पडल्या तरी काही आठवडे जातात, आणि मध्ये निवडणुकीची आचारसंहिता आली तर नवी कामे थांबतात. मान्सून गोव्यात साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो. तेव्हा गटारे आणि व्हाळ मेच्या मध्यापर्यंत मोकळे व्हायचे असतील तर तो विषय जानेवारी-फेब्रुवारीतील सभेच्या कार्यसूचीवर असला पाहिजे. एप्रिलच्या अखेरीस घाईने घेतलेल्या ठरावाचे काम पहिल्या पावसात चालू राहते आणि काढलेला गाळ काठावरच पडून राहिल्यामुळे तो पुन्हा त्याच व्हाळात वाहून जातो. वर्षानुवर्षे असे होत असेल तर तो निसर्गाचा कोप नसून केवळ वेळापत्रकाचा दोष आहे, आणि तो सुधारण्यास एक पैसाही अधिक लागत नाही.

२०२१ हे वर्ष या दोन्ही तालुक्यांच्या दृष्टीने कसोटीचे ठरले. २० मार्च २०२१ रोजी डिचोली आणि पेडणे यांच्यासह काही नगरपालिकांची निवडणूक झाली. त्याच सुमारास मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच पालिकांमधील प्रभाग आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता. १२ मार्चच्या निकालात न्यायालयाने राज्याच्या कायदा सचिवाकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त भार सोपवण्याची पद्धत अयोग्य ठरवली, कारण सरकारी सेवेत असलेली व्यक्ती त्या सरकारपासून स्वतंत्र राहून निवडणूक घेऊ शकत नाही. स्थानिक संस्था हे राज्य सरकारचे एक खाते नसून घटनेने मान्य केलेला शासनाचा स्वतंत्र स्तर आहे, हे या निकालातून ठसठशीतपणे पुढे आले. नवनिर्वाचित नगरसेवक स्थिरस्थावर होण्याआधीच, मेच्या मध्यावर तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले आणि झाडे व विजेचे खांब कोसळून अनेक गावे अंधारात गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी, २३ जुलैला, महापूर आला.

त्या पुराचे दोन स्वतंत्र प्रवाह होते आणि ते वेगवेगळे समजून घेणे आवश्यक आहे. एक म्हादई आणि तिच्या उपनद्यांचा, ज्याने सत्तरी आणि डिचोली तालुक्यांच्या काही भागांना वेढले. दुसरा तिळारी-शापोरा नदीचा. तिळारी नदी महाराष्ट्रात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर उगम पावते, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यातून गोव्यात उतरते आणि पुढे शापोरा या नावाने पेडणे व बार्देश या तालुक्यांची सीमा बनून समुद्राला मिळते. तिच्या काठावर डिचोली तालुक्यातील साळ आणि मेणकुरे, पेडणे तालुक्यातील इब्रामपूर, हणखणे, चांदेल, हसापूर, कासारवर्णे अशी गावे आहेत. नदीवर दोडामार्ग तालुक्यात तिळारी धरण आहे. गोवा आणि महाराष्ट्र या दोन राज्यांचा हा संयुक्त प्रकल्प १९९० च्या करारानुसार उभा राहिला असून त्याच्या खर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश वाटा गोव्याने उचलला आहे. याच पाण्यावर चांदेलचा जलशुद्धीकरण प्रकल्प चालतो आणि पेडणे तालुक्याची तहान भागते. मात्र जलाशय भरला आणि सांडव्यावरून पाणी सुटले की तेच पाणी काठावरच्या गावांवर चालून येते, आणि घाटातून येणारी कळणा नदीही त्याच वेळी फुगलेली असते. ऑगस्ट २०१९ मध्ये या पट्ट्याने त्याचा अनुभव घेतला होता, २०२१ मध्ये तो अधिक भीषण स्वरूपात आला. राज्यभर सुमारे १००० घरांना झळ पोहोचली असून १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी त्या वेळी सांगितले.

इथे स्थानिक संस्थेच्या अधिकाराची मर्यादा स्पष्ट होते. साळ किंवा इब्रामपूरच्या पंचायतीला धरणाच्या विसर्गाबद्दल ठराव करता येतो, पण तो ठराव दुसऱ्या राज्यातील प्रकल्प अधिकाऱ्यांना बंधनकारक नसतो. सूचना प्रकल्पाकडून दोन्ही राज्यांच्या जिल्हा प्रशासनाकडे, तिथून तालुक्याच्या मामलेदाराकडे, मामलेदाराकडून तलाठी आणि सरपंचाकडे आणि शेवटी वाड्यावर अशी उतरते. या साखळीतील प्रत्येक कडीवर अर्धा तास गेला तरी रात्रीच्या वेळी दोन-अडीच तास निघून जातात. म्हणून ‘पाणी सोडणार’ हे कळणे जितके महत्त्वाचे, तितकेच कोणत्या पातळीच्या विसर्गाला कोणत्या वाड्यात किती वेळाने पाणी पोहोचते याचे पूर्वीच्या पुरांवरून तयार केलेले कोष्टक महत्त्वाचे आहे. हे कोष्टक बनवण्यास लागणारी माहिती जुन्याजाणत्या गावकऱ्यांकडे असते : कोणत्या साली पाणी देवळाच्या कोणत्या पायरीला लागले, कोणाच्या गोठ्यात शिरले, कोणता साकव आधी बुडाला. ही माहिती पंचायतीच्या दप्तरात उतरवणे हे पंचायतीच्याच हातातील काम आहे आणि त्याला कोणाच्याही मंजुरीची गरज नाही.

साखळी शहराची कथा निराळी आहे आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. वाळवंटी नदी साखळीच्या बाजारपेठेला अगदी लगटून वाहते. वर सत्तरीत अंजुणे धरण आहे आणि त्याचे दरवाजे उघडले की वाळवंटीची पातळी चढते. खाली ही नदी मांडवीला, म्हणजे म्हादईलाच, मिळते आणि भरतीचा दाब वरपर्यंत जाणवतो. पूर्वी पाणी काठावरून थेट बाजारात घुसत असे, म्हणून जलस्रोत खात्याने काठाला संरक्षक भिंती बांधल्या. भिंतीमुळे नदी बाहेर राहिली, पण एक नवा प्रश्न निर्माण झाला. बाजारातून आणि मागच्या टेकड्यांवरून येणारे पावसाचे पाणी ज्या नाल्याने नदीत जाते त्या नाल्याचे तोंड, नदी चढली की, उलटे वाहू लागते. त्यासाठी तोंडावर झडपा बसवाव्या लागतात. त्या बंद केल्या की नदी आत येत नाही, पण नाल्याचे पाणीही बाहेर जात नाही, आणि मग ते पंपांनी उचलून भिंतीपलीकडे फेकावे लागते. म्हणजे पूरनियंत्रणाची सारी मदार झडप नेमक्या वेळी बंद करणाऱ्या माणसावर, पंपावर, पंपाला लागणाऱ्या विजेवर अथवा डिझेलवर आणि नाल्यातून वाहत येणाऱ्या प्लास्टिकवर येऊन ठेपते. भिंत, झडप आणि पंप जलस्रोत खात्याचे. नाल्यातील कचरा आणि बाजारातील गटारे पालिकेची. साखळी पालिकेने कचरा संकलनावर केलेला खर्च हा त्या अर्थाने पूरनियंत्रणावरचाच खर्च आहे, जरी अर्थसंकल्पात त्याचे शीर्ष वेगळे असले तरी. पंपाच्या जाळीवर अडकलेली पिशवी कोणत्या खात्याची, हा वाद भर पावसात सुटत नाही.

डिचोली शहरातही असेच आहे. तिथला बंदरवाडा हे नावच सांगते, की एके काळी इथवर होड्या येत, म्हणजेच भरतीचे पाणी इथवर पोहोचत असे. मुसळधार पाऊस आणि भरती यांची वेळ जुळली की सखल भागातील पाण्याचा निचरा खुंटतो. त्यात खाणींचा गाळ आहे. डिचोली तालुक्यात मये, मुळगाव, शिरगाव या परिसरात लोहखनिजाच्या खाणी दीर्घकाळ चालल्या. त्या २०१२ मध्ये बंद पडल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या आणि त्यानंतर लिलावाचा मार्ग अवलंबण्यात आला. या काळात टाकाऊ मातीचे ढिगारे तसेच राहिले, त्यांवरची माती दर पावसात व्हाळांत आणि शेतांत उतरत राहिली आणि नद्यांची पात्रे उथळ झाली. खाणबाधित गावांसाठी २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठान नावाचा निधी स्थापन झाला आहे. खाणमालकांकडून रॉयल्टीच्या प्रमाणात त्यात रक्कम जमा होते आणि ती बाधित भागाच्या पाणी, आरोग्य, पर्यावरण अशा गरजांवर खर्च करायची असते. पंचायतींनी नेमक्या, मोजमापांसह तयार केलेल्या प्रस्तावांनी या निधीचे दार ठोठावले तर व्हाळांतील गाळ काढण्याचा भार एकट्या पालिकेवर अथवा पंचायतीवर पडणार नाही. ‘आमच्या गावाला निधी द्यावा’ एवढ्या एका ओळीच्या ठरावाने मात्र काही साधत नाही.

पेडण्याच्या डोंगराळ बाजूला संकटाचे रूप बदलते. मोपाच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या विस्तीर्ण पठारावर, मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून उड्डाणे सुरू झाली. सडा हा पावसाचे पाणी पिऊन पायथ्याच्या झऱ्यांना पुरवणारा भूभाग असतो. त्याचा मोठा भाग सपाट आणि फरसबंद झाला की तेच पाणी वेगाने खाली धावते आणि पायथ्याच्या व्हाळांची वहनक्षमता नव्याने मोजावी लागते. जुलै २०२४ मध्ये मालपे येथे राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या कडेची संरक्षक भिंत कोसळली, आणि त्याच महिन्यात पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरल्याने कोकण रेल्वेची वाहतूक खंडित झाली; याच परिसरातील बोगद्याचा भाग ऑगस्ट २०२० मध्येही ढासळला होता. विमानतळ, महामार्ग आणि रेल्वे यांपैकी एकाही बांधकामाचा निर्णय स्थानिक पंचायतीच्या हातात नव्हता. पण वरून आलेले पाणी ज्या शेतात आणि ज्या अंगणात उतरते ते पंचायतीच्या हद्दीत असते, आणि तक्रारीचा पहिला अर्ज पंचायत सचिवाच्याच टेबलावर येतो.

ज्या बाबतीत अधिकार निर्विवादपणे पंचायतीचा आहे ती बाब म्हणजे बांधकाम परवाना. गोवा पंचायत राज कायद्याच्या ६६ व्या कलमानुसार पंचायतीच्या लेखी परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही आणि बेकायदा बांधकाम थांबवण्याचे, पाडण्याचे अधिकारही त्यातच दिले आहेत. नगररचना खात्याचा तांत्रिक दाखला आणि आरोग्य खात्याचा ना-हरकत दाखला ही सोबतची कागदपत्रे होत. अंतिम सही पंचायतीची असते. रस्त्याकडेच्या आणि भातशेतांतील बेकायदा बांधकामांची मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि मार्च २०२५ मध्ये याबाबत यंत्रणांना सविस्तर निर्देश दिले. भातशेत हे पुराच्या पाण्याला पसरायला मिळणारे मोकळे अंगण असते, तिथे भराव पडला की तेवढे पाणी शेजारच्या वाड्यात जाते. शापोरा नदीच्या मुखाकडील आगरवाडा-चोपडेच्या खाजन शेतीत हे आणखी स्पष्ट दिसते. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. बांधातील मानशीच्या, म्हणजे लाकडी झडपेच्या, साह्याने भरतीचे पाणी अडवले आणि ओहोटीला पावसाचे पाणी सोडले जाते. हे बांध आता कुळांच्या संघटनांकडे असतात, त्या संघटना मामलेदाराच्या देखरेखीखाली येतात आणि बांधदुरुस्तीसाठी कृषी खात्याकडे जावे लागते. एकाच पाण्याच्या वाटेवर असे चार-पाच मालक उभे असल्यावर बांध फुटण्याआधी तो तपासण्याची जबाबदारी कोणा एकाची राहत नाही.

आता पुरानंतरच्या मदतीकडे वळता येईल. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन पातळ्यांवर प्राधिकरणे नेमली. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा पंचायतीचे अध्यक्ष सहअध्यक्ष. मदतीची रक्कम मुख्यतः राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते. गोव्यासारख्या राज्यात त्यातील ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो. घर पडल्याचे कळताच तलाठी पंचनामा करतो, म्हणजे साक्षीदारांसमक्ष नुकसानाची नोंद करतो, तो मामलेदाराकडे जातो आणि तिथून मंजुरीसाठी पुढे. २०२१ मध्ये लागू असलेल्या केंद्रीय निकषांनुसार सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० रुपये मिळत; पुढे २०२२ ते २०२६ या काळासाठी ही रक्कम १,२०,००० रुपये करण्यात आली. याच काळासाठी अंशतः नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये, तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तरच. बारमाही पिकांसाठी हेक्टरी २२,५०० रुपये, कमाल २ हेक्टरपर्यंत. नदीकाठची सुपारीची बाग उभी राहून उत्पन्न देऊ लागायला कित्येक वर्षे जातात हे लक्षात घेतले, तर ही रक्कम भरपाई नसून केवळ तातडीचा आधार आहे हे मान्य करावे लागते. गोवा सरकार शेतकरी आधार निधीतून त्यात भर घालते, तरीही अंतर मोठे राहते.

या रकमेपर्यंत पोहोचण्याची वाटही सर्वांना सारखी सोपी नसते. जुन्या मातीच्या भिंतींची घरे पुराच्या पाण्यात दोन दिवस उभी राहिली की खालून विरघळतात आणि पाणी ओसरल्यानंतर, ऊन पडल्यावर, कोसळतात. पंचनामा त्याआधी झालेला असेल तर नोंद ‘अंशतः’ अशीच राहते. त्यात अनेक घरे मुंडकारांची, म्हणजे भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या कुटुंबांची, आहेत. १९७५ च्या कायद्याने मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिले, तरी जमिनीची कागदपत्रे अनेकांच्या नावावर आजही झालेली नाहीत. मये गावात तर पोर्तुगीज काळातील स्थलांतरितांच्या मालमत्तेचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळत राहिला आणि त्यासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. पंचायतीने दिलेला घर क्रमांक आणि घरपट्टीची पावती हा वास्तव्याचा पुरावा होऊ शकतो, पण मालकीचा नव्हे. म्हणून पडलेले घर त्याच जागी पुन्हा बांधण्याचा परवाना मागायला गेलेल्या कुटुंबापुढे मदतीच्या रकमेपेक्षा मोठी अडचण कागदाची असते. पंचायतीने आपल्या हद्दीतील पूरप्रवण घरांची यादी, त्यांच्या छायाचित्रांसह आणि उपलब्ध दस्तऐवजांसह, शांततेच्या काळात तयार करून ठेवली तर पंचनाम्याचे आणि परवान्याचे काम किती सोपे होईल, हे सांगण्यास तज्ज्ञाची आवश्यकता नाही.

पूर हीच एक आपत्ती नव्हे. ३ मे २०२५ च्या पहाटे डिचोली तालुक्यातील शिरगाव येथे श्री देवी लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले आणि अनेक जखमी झाले. सरकारने चौकशी समिती नेमली. गोव्यातील देवस्थाने पोर्तुगीज काळातील देवस्थान नियमनानुसार चालतात आणि मामलेदार त्यांचा प्रशासक असतो. बंदोबस्त पोलिसांचा, वीज वीज खात्याची, आणि जत्रेच्या फेरीतील दुकानांना जागा देणे, त्यांच्याकडून शुल्क घेणे हा पंचायतीचा विषय. अरुंद, उताराच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुकाने मांडली की चालण्याची वाट किती उरते हे मोजणे हा आपत्ती व्यवस्थापनाचाच भाग आहे. मृतांच्या कुटुंबांविषयी खरी आस्था असेल तर जत्रेच्या दुकानांचा ठराव यापुढे केवळ महसुलाचा विषय म्हणून कोणत्याही पंचायतीत मांडला जाऊ नये.

शेजारच्या कोकणात चिपळूणने २२ जुलै २०२१ रोजी, म्हणजे गोव्यातील महापुराच्या आदल्याच दिवशी, वाशिष्ठी नदीचा प्रलय सोसला. त्यानंतर नागरिकांनी नदीतील गाळ काढण्यासाठी दीर्घकाळ उपोषण केले आणि शासनाला ते काम हाती घ्यावे लागले. याच शहरात पूररेषांचा वादही पेटला. महाराष्ट्रात निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. त्यांच्या आतील बांधकामांवर निर्बंध येतात, आणि जुने शहरच त्या रेषांत येत असल्याने लोकांनी विरोध केला. रेषा आखताना शहराला विश्वासात घेतले नाही तर शास्त्रशुद्ध नकाशाही कपाटात पडतो, हे चिपळूणकडून शिकता येते. केरळने वेगळी वाट धरली : २०१८ च्या महापुरानंतर तेथील स्थानिक संस्थांनी आपापले आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार केले. त्या राज्यात विकास निधीचा मोठा हिस्सा कित्येक वर्षांपासून थेट स्थानिक संस्थांकडे जातो, त्यामुळे आराखड्यापाठी पैशाचे बळही उभे राहू शकले. गोव्यात पाणीपुरवठा, वीज, मलनिस्सारण, नदी-नाले ही सारी राज्य खात्यांची कामे आहेत, आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नोंदवलेल्या १८ विषयांपैकी अनेक विषय कागदावरच पालिकांचे राहिले आहेत.

आपत्ती व्यवस्थापन कायद्यात २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिका असलेली शहरे यांच्यासाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमण्याची तरतूद केली. गोव्यात ती केवळ पणजीला लागू होऊ शकते. डिचोली, साखळी आणि पेडणे ही शहरे पूर्वीप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाच्याच कक्षेत राहतात. असे असले तरी मूळ कायद्याचे ४१ वे कलम कोणत्याही स्थानिक संस्थेला, मग ती कितीही लहान असो, चार कामे सोपवते : आपल्या अधिकाऱ्यांना व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे, साधनसामग्री वापरण्यायोग्य स्थितीत ठेवणे, आपल्या हद्दीतील बांधकामे आपत्तीरोधक निकषांनुसार होतील हे पाहणे आणि आपत्तीनंतर मदत, पुनर्वसन व पुनर्बांधणी करणे. हे कलम २००५ पासून अस्तित्वात आहे. मार्च २०२१ मध्ये निवडलेल्या पालिका मंडळांची पाच वर्षांची मुदत मार्च २०२६ मध्ये पूर्ण होते. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक मंडळाला आपल्या पहिल्याच अर्थसंकल्पात या चार कामांसाठी स्वतंत्र शीर्ष उघडता येईल, त्यात मोकळ्या अनुदानाचा ठरावीक वाटा घालता येईल आणि व्हाळांच्या सफाईची निविदा फेब्रुवारीत काढता येईल. कायद्यात त्याला कोठेही आडकाठी नाही.